नेल्लियंडची म्हातारी

बायकांच्या कूटात, म्हणजे मंडळात, कुणाकडे काय घडलं हे चोंडम्माला सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि सगळ्यांच्या आधी कळतं याचा तिला मनातून अभिमान होता. गेली कित्येक वर्षं ती कूटाची चिटणीस होती. कूट भरायचं ते मोसमामोसमाला. कक्कड महिन्यातल्या पावसात औषधी पायसाला, कैलपोळ्दला बंदुकांच्या पूजेनंतर, पुत्तरीला नवं भात घरात आलं की, आणि उन्हाळ्यात कॉफीचा फुलोरा उतरला की सहलीला. दर वेळी जेवणाआधी चोंडम्मा माइक हातात घेऊन त्या मोसमाच्या बातम्या सांगायची. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा मुलगा फौजेत कॅप्टन झाला, कुणाच्या मळ्यात हत्ती शिरले, कोण गेलं. बायका म्हणायच्या, पेपर एक दिवस आला नाही तरी चालेल, चोंडम्मा आली पाहिजे.

त्या वर्षी कक्कडात पाऊस असा लागला की शेजारच्या मळ्यातलं घरसुद्धा दिसेना. वीज जाऊन-येऊन, फोन लागला तर लागला. अशात एका सकाळी जीपवाला सोमय्या भिजत फाटकाशी आला आणि गाडीतूनच ओरडला, "अक्का, नेल्लियंडची म्हातारी गेली! काल दुपारी!"

"काय सांगतोस! कशानं?"

"ताप होता म्हणे. ओढ्याला पाणी होतं, डॉक्टरकडे नेता नाही आलं." एवढं बोलून तो निघूनही गेला.

नेल्लियंड घरातली म्हातारी म्हटल्यावर चोंडम्माच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला. देचम्माचा. सगळ्यांची देचक्का, कूटाची पहिली अध्यक्ष. कूटाला स्वतःचा हॉल मिळवून दिला तो तिनं. तहसीलदाराच्या दारात सबंध दिवस बसून राहिली होती, 'सही झाल्याशिवाय मी उठत नाही आणि तुम्हालाही जेवायला उठू देत नाही' म्हणाली होती. चोंडम्माला चिटणीसही तिनंच केलं होतं. अलीकडे गुडघे धरल्यापासून ती यायची बंद झाली होती, आणि न येणाऱ्या माणसाकडे जायचं राहून जातं तसं चोंडम्माचंही राहून गेलं होतं.

ती पायरीवरच बसली. डोळ्यांत पाणी आलं, ते खरंच आलं. पण पाणी पुसता पुसताच तिच्या मनात आलं की तीन दिवसांवर कूट आहे, आणि देचक्काला श्रद्धांजली वाहायची तर ती साधीसुधी चालणार नाही.

"आधी जाऊन तर ये," तिचा नवरा अप्पय्या म्हणाला.

"जाऊ कशी? ओढ्यावरून पाणी वाहतंय."

"वरच्या मळ्यातून आजपासून जीप जातेय की. शेजाऱ्यांची सकाळीच गेली."

"उद्या बघते."

उद्या तिनं बघितलं नाही. ती लिहीत बसली. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला, मग जमायला लागलं. तहसीलदाराचा प्रसंग, देचक्काचं गाणं, पुत्तरीच्या रात्री तिनं धरलेला फेर. शेवटाला काहीतरी हृदयाला भिडणारं हवं होतं, म्हणून तिनं लिहिलं, 'अखेरच्या श्वासापर्यंत त्या कूटाची चौकशी करत होत्या.' पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून पाहिलं. चांगलं झालंय, असं तिला वाटलं. दुःखापेक्षा ते समाधान जरा जास्तच होतं, पण त्या वेळी तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

*

कक्कडाच्या अठराव्या दिवशी सगळा कोडगू ते पायस करतो. रानातल्या एका पाल्यात त्या दिवशी अठरा औषधं उतरतात म्हणतात. पाला उकळला की पाणी जांभळंगर्द होतं, त्यात तांदूळ शिजवायचा, वर तूप नि मध. हॉलच्या मागच्या पडवीत मोठं पातेलं चुलीवर होतं आणि चव बघायच्या नावाखाली निम्म्या बायकांच्या जिभा आधीच जांभळ्या झाल्या होत्या. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचेना. जनरेटर लावला होता.

व्यासपीठावर टेबल, टेबलावर देचक्काचा जुना फोटो, त्याला अबोलीचा हार. हार अध्यक्षीणबाई बोजम्मानं घातला होता. बातमी चोंडम्मानंच तिला दिली होती, आणि चोंडम्माची बातमी म्हटल्यावर बोजम्मानं पुन्हा कुणाला विचारलं नव्हतं.

चोंडम्मानं वाचायला सुरुवात केली. तहसीलदारापाशी बायका डोळे पुसता पुसता हसल्या. गाण्यापाशी दोघी-तिघी रडल्या. अखेरच्या श्वासाचं वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगेतून हुंदका ऐकू आला, आणि चोंडम्मा त्या हुंदक्यासाठी क्षणभर थांबली.

"आपण सगळ्या उभ्या राहून देचक्कांना श्रद्धांजली वाहू या."

खुर्च्या सरकल्या. सगळ्या माना खाली घालून उभ्या राहिल्या. पाऊस तेवढा वाजत राहिला.

दाराशी एक जीप थांबली. कुणी मान वर केली नाही. मग छत्री मिटल्याचा आवाज आला, आणि दारातून कुणीतरी विचारलं, "कोण गेलं गं?"

पांढरी साडी नेसलेली देचम्मा उंबऱ्याबाहेर उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात गळती छत्री.

बोजम्मा किंचाळली. एकीच्या तोंडून घाबरून हसू फुटलं, तिनं पदर तोंडात कोंबला. बाकीच्या नुसत्या उभ्या. उभ्या तर आधीपासूनच होत्या, आता बसावं की नाही ते कळेना.

"देचक्का... तुम्ही..." माइक हातात धरलेली चोंडम्मा एवढंच म्हणाली.

"मी काय?" देचम्माची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत टेबलावर गेली. स्वतःच्या फोटोकडे तिनं बराच वेळ पाहिलं. हार पाहिला. मग सगळं समजल्यासारखी तिनं मान हलवली.

"मी नाही गं," ती म्हणाली. "पोन्नव्वा गेली."

"कोण पोन्नव्वा?"

प्रश्न चोंडम्माच्याच तोंडून गेला होता. आणि माइक चालू होता. हॉलच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांनी तो प्रश्न पत्र्यावरच्या पावसाला भेदून सगळ्यांना ऐकवला. कोण पोन्नव्वा.

देचम्माच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. तिला नुसतं आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"माझी नणंद," ती म्हणाली. "नवरा गेल्यावर माहेरी आली, ती आमच्याकडेच होती. माझ्याबरोबर कूटाला यायची. माझं बंद झालं तरी ती यायची, उन्हाळ्यात तुमच्या सहलीलाही आली होती. मागे पडवीत असायची, चुलीपाशी." ती थांबली. "माणूस गेल्याचे बंदुकीचे दोन बार काढले आम्ही, पण या पावसात कुठले ऐकू जातात. कूटातलं कुणी आलं नाही, म्हटलं खबर पोचली नसेल. म्हणून सांगायला आले. सहा दिवसांनी अकरावं आहे."

"आत या ना, देचक्का," बोजम्मा कशीबशी म्हणाली.

"नको. सुतक आहे." तिनं छत्री उघडली. जाता जाता वळून म्हणाली, "तो हार काढा तेवढा."

जीप गेली. हार काढायला कुणी पुढे होईना. शेवटी बोजम्मानं तो काढला आणि कुठे ठेवावा हे न कळून मुठीतच धरून बसली. पायस वाढलं गेलं, कारण शिजलं होतं. बायका खाली बघून खात होत्या आणि हळू आवाजात एकमेकींना विचारत होत्या. ती उंच, तीच ना? नाही गं, ती बारकी, कानात बुगडी घालायची ती. बुगडीवाली मुत्तम्माची बहीण. मग ही कुठली?

चोंडम्मा पडवीत गेली. चुलीपाशी कुणीच नव्हतं. तिनं आठवून पाहिलं. दर कूटाला या दारातून तिला ताटली कुणीतरी दिली होती, 'गरम आहे, पदरानं धर' असं कुणीतरी म्हणालं होतं. हात आठवला, आवाज आठवला. चेहरा काही केल्या येईना. आतून कुणीतरी तिला हाक मारली तेव्हा ती मागच्या मागे पावसात उतरली आणि तशीच घरी गेली.

दारात अप्पय्यानं टॉवेल पुढे केला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. या वेळी ती चोंडम्माच्या आधी सगळीकडे पोचली होती.

*

अकराव्याला कूटातल्या झाडून सगळ्या आल्या. तीन जीप भरून. नेल्लियंडच्या अंगणात एवढ्या पांढऱ्या साड्या पाहून मळ्याच्या मजूर-लाइनीत राहणाऱ्या बायका बाजूला सरकल्या. पोन्नव्वाला खांदा दिला तो याच मजूर बायकांच्या नवऱ्यांनी, आणि रडल्या होत्या त्याही याच, हे तिथे आल्यावर कळलं. चोंडम्मा सगळ्यांत मागे उभी राहिली. तिच्याकडे कुणी वाकडं पाहत नव्हतं, पण शेजारी येऊनही कुणी उभं राहत नव्हतं.

जेवणं झाल्यावर देचम्मानं एकेकीला निरोप दिला. चोंडम्मा पायरी उतरत होती.

"चोंडी, तू थांब."

सगळ्या गेल्या. देचम्मा ओसरीतल्या बाकावर टेकली, गुडघे दाबत म्हणाली, "तो कागद आणलायस?"

"कुठला?"

"माझ्यावर लिहिलास तो."

कागद चोंडम्माच्या पर्समध्येच होता. फाडून टाकायचं तिला सुचलंच नव्हतं. "देचक्का, माझं चुकलं. पाया पडते तुमच्या, पण तो वाचायला नका सांगू."

"का? सगळ्या गावाला वाचून दाखवलास. मी खरंच मेल्यावर मला कुठला ऐकू येणार? वाच."

चोंडम्मानं वाचला. हॉलमध्ये जिथे जिथे तिचा आवाज कापला होता तिथे आता तो कोरडा पडत होता. तहसीलदाराच्या प्रसंगाला देचम्मा म्हणाली, "सबंध दिवस नव्हते बसले. जेवायच्या सुट्टीपर्यंत. पुढे?" गाण्याचं ऐकून नुसती हुं म्हणाली. मग ते वाक्य आलं. चोंडम्मा तिथे अडली.

"वाच की."

"...अखेरच्या श्वासापर्यंत त्या कूटाची चौकशी करत होत्या."

"मी?"

चोंडम्मानं कागद खाली घेतला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच लिहिलं."

"मला बरं वाटावं म्हणून?"

चोंडम्माला हो म्हणता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "वाचायला चांगलं वाटावं म्हणून."

देचम्मानं अंगणातल्या पाण्याकडे पाहिलं. "मी दोन पावसाळे तुमच्या कूटाची चौकशी केली नाही गं," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझी. तेवढी फिट्टंफाट आहे. पण पोन्नव्वा येत होती. यात ती कुठाय?"

"नाहीये."

"मग आता सांग. बातम्या तूच सांगतेस ना? माझ्या नणंदेबद्दल चार वाक्यं सांग."

चोंडम्माच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "त्या..." ती म्हणाली, "त्या खूप शांत होत्या. कामसू होत्या. कधी कुणाला..."

देचम्मा एकदम हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "शांत! पोन्नव्वा शांत! अगं, तिच्या तोंडच्या शिव्या ऐकायला हव्या होत्यास तू. लाइनीतले बाप्ये कानांवर हात ठेवायचे. पत्त्यांत लबाडी करायची, पकडली की पत्ते तोंडावर फेकायची. आणि कूटाहून आली की इथे, या ओसरीत, तुम्हा सगळ्यांच्या नकला. प्रत्येकीला तिनं नाव ठेवलं होतं."

"मला काय म्हणायच्या?"

"आकाशवाणी."

चोंडम्माला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच मोडलं.

"पळी अशी धरायची तोंडापुढे," देचम्मानं काठीची मूठ हनुवटीशी नेली, "आणि मान अशी तिरकी. 'भगिनींनो, या मोसमात...' तू रडू येतंय असं दाखवायला मध्ये थांबतेस ना, तसं थांबायची. मी पोट धरून हसायचे. ती तुमच्याकडे चुलीसाठी येत नव्हती गं. तमाशा बघायला यायची. पडवीतून सगळं नीट दिसतं म्हणायची."

म्हणजे ती बघत होती. आपल्याला तिचा चेहरा आठवत नाही, आणि तिला आपण कुठे थांबतो तेसुद्धा पाठ होतं. त्या दिवशी हुंदक्यासाठी आपण थांबलो तेही तिला लगेच ओळखू आलं असतं. चोंडम्मानं कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली.

"बाकीच्यांना काय म्हणायच्या?" तिनं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"ते त्यांनी येऊन विचारावं," देचम्मा म्हणाली. "जा आता. अंधार पडायच्या आत ओढा ओलांड."

*

कैलपोळ्दला ऊन पडलं होतं. घराघरांत बंदुका पुजून झाल्या होत्या, आणि हॉलमागच्या मैदानात उंच झाडाच्या शेंड्याला नारळ बांधला होता. बायकांनी नेम धरून तो फोडायचा, ही दरवर्षीची स्पर्धा. नटून आलेल्या बायका बंदूक कुणी आधी उचलायची यावरून एकमेकींना डिवचत होत्या.

चोंडम्मा माइक न घेता पुढे आली.

"मोठ्यानं बोल गं," मागून कुणीतरी ओरडलं.

"मागच्या वेळी मी जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली," चोंडम्मा म्हणाली. "आणि जी गेली तिचं नाव ऐकून 'कोण' म्हणून विचारलं. रस्ता बंद होता असं मी काहींना सांगितलंय. रस्ता बंद नव्हता. वरच्या मळ्यातून जाता येत होतं. मी गेले असते तर देचक्का मला दारातच दिसल्या असत्या. मी घरी बसून लिहीत होते. चिटणीसपद मी सोडतेय."

"इश्श, त्यात काय एवढं!" एक जण म्हणाली.

"चुका कुणाच्या होत नाहीत?"

"सोमय्यानंच नीट सांगितलं नाही. म्हातारी म्हणे! दोन-दोन म्हाताऱ्या घरात असताना."

"तू सोडलंस तर बातम्या कोण सांगणार? बोजम्मा? तिला स्वतःच्या घरातल्या कळत नाहीत."

सगळ्या हसल्या. बोजम्माही हसली. पदाचा विषय तिथेच संपला. त्यांनी तिला इतक्या सहज माफ करून टाकलं की चोंडम्माला उभं राहवेना. आपल्याला माफ करताना त्या स्वतःलाही करून घेतायत, हे तिला दिसत होतं.

"पोन्नव्वांबद्दल कुणाला काही सांगायचंय का?" तिनं विचारलं.

हसणं थांबलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग कावेरी म्हणून एक तरुण सून, कडेवर मूल असलेली, पुढे आली. "पुत्तरीला हा फार रडत होता," ती म्हणाली. "त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि मला म्हणाल्या, 'नाच जा, माकडे. हा काय मरत नाही.' मी शेवटपर्यंत नाचले. नंतर मूल घेतलं आणि... नाव नाही विचारलं."

आणखी कुणी पुढे आलं नाही. थोड्या वेळानं बोजम्मा म्हणाली, "चला, ऊन चढतंय," आणि पहिला बार तिनं काढला. तो भलतीकडेच गेला.

संध्याकाळी चोंडम्मा डबा घेऊन नेल्लियंडला गेली. डुकराचं मटण, तांदळाचे उकडलेले कडंबुट्टू, थोडं लोणचं. देचम्मानं डबा उघडून वास घेतला आणि बाकावर जागा करून दिली.

"पद सोडलंस म्हणे."

"सोडत होते. त्यांनी सोडू दिलं नाही. म्हणाल्या, त्यात काय एवढं."

"म्हणणारच." देचम्मानं कडंबुट्टू मोडून रश्शात बुडवला. "बरंच झालं. पद सोडून तू सुटली असतीस. आता दर मोसमाला उभी राहा त्यांच्यापुढे."

चोंडम्मानं मान हलवली. तिला वाटलं होतं की सगळ्यांपुढे बोलून टाकलं की मन हलकं होईल. झालं नव्हतं. फक्त आता ते कुणापासून लपवायचं उरलं नव्हतं.

"बोल, नारळ कुणी फोडला?" देचम्मानं विचारलं.

"कावेरीनं."

"कोण कावेरी? कुठल्या घरची?"

चोंडम्मा सांगायला गेली आणि थांबली. कुठल्यातरी घरची सून होती एवढं खरं. माहेर? नवरा काय करतो? त्या मुलाचं नाव काय?

"माहीत नाही," ती म्हणाली.

देचम्मा घास चावत तिच्याकडे बघत राहिली. मग बोटं चाटून म्हणाली, "विचारून ये."